दोन टिपके, एकच जागा

माझ्या मित्राला ऐकू येईनासं झालं आहे, ही बातमी त्याला सोडून साऱ्या सेलूला कळली होती. त्याच्यापर्यंत ती पोचणार तरी कशी? कानांनी दार लावून घेतलेलं, आणि डोळे जन्मापासूनच रजेवर. रजेवर माझेही आहेत. फरक एवढाच, की माझे कान अजून दोन पाळ्यांत काम करतात. बोरगाव मेघेच्या आमच्या ओसरीत बसून, वर्ध्याच्या बसस्टँडवरून सुटणारी गाडी कोणत्या ड्रायव्हरच्या हाती आहे हे मी हॉर्नवरून सांगतो. सून म्हणते, "बाबा, एवढ्या लांबून कसं ऐकू येईल?" मी म्हणतो, "तू कधी ऐकून पाहिलं काय?" ज्याची तपासणी होत नाही ते खरं, या एका नियमावर मी आयुष्य काढलं आहे.

मी सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होतो आणि तो सेलूला वेताच्या खुर्च्या विणायचा. जिल्ह्यातले निम्मे साहेब माझ्या आवाजानं खडबडून उठायचे आणि त्याच्या विणकामावर परत बसायचे. असं आम्ही दोघांनी मिळून प्रशासन चालवलं.

आमची ओळख अंधांच्या निवासी शाळेतली. एका बाकावर बसायचो. वर्गात बोलायला बंदी होती आणि आमचे मास्तरही आंधळे, म्हणजे त्यांच्या कानांपुढं कुजबुजीची डाळ शिजणं शक्यच नव्हतं. मुंगी घसरली तरी ते म्हणत, "कोण पडलं रे?" म्हणून आम्ही बोटांवर बोलायला लागलो. ब्रेलला बिंदू सहा. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं आणि डाव्या हाताची तीन बोटं घेतली की झाले सहा. बोटांच्या पेरांवर टिचक्या मारायच्या. एक टिचकी, दोन मिळून, तीन मिळून, अशी अक्षरं पडत जातात. बाकाखाली हातात हात घेऊन आम्ही मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असू आणि आमच्याकडून भांडणाचा आवाज येत नाही म्हणून मास्तर इतर मुलांना सांगत, "पाहा, सख्ख्या भावांत एवढं प्रेम नसते."

दुसरी गोष्ट त्या शाळेत शिकलो ती हाकेची. ज्यानं हाक मारली त्यानं खुंट्यासारखं जागेवर उभं राहायचं. ज्यानं ऐकली त्यानं आवाजाच्या दिशेनं चालत यायचं. दोघंही चालले तर आंधळी माणसं एकमेकांना ओलांडून जातात, नाहीतर कपाळांची गाठ पडते. माझ्या कपाळावर जे टेंगूळ आहे ते दुसऱ्या प्रकारचं आहे. त्यानंतर मात्र आमची कधी चूक झाली नाही. सेवाग्रामची जत्रा असो की सेलूचा बाजार, एक हाक मारून थांबणार, दुसरा चालत येणार. हे हाडात गेलेलं. डोळस माणूस रस्ता ओलांडताना आधी उजवीकडं का पाहतो, असं त्याला विचारा. तो सांगू शकणार नाही. तसंच.

तर त्याचे कान गेले. एकदम नाही. आधी पाखरं गेली, मग बायकांचे आवाज, मग घड्याळ. माझा आवाज शेवटपर्यंत टिकला, कारण तो आवाज नसून डोंगर फोडायचा सुरुंग आहे. मग त्याच्या एका कानात इअरफोन कोंबून, दार-खिडक्या लावून, फोनचा आवाज पार वर नेला तर त्याला फोनमधली बाई ऐकू यायची, एवढंच उरलं. मी सेलूला जाऊन बसायचो आणि त्याच्या बोटांवर बोलायचो. साठीच्या दोन माणसांना हातात हात घेऊन तासन्‌तास बसलेलं पाहून शेजारणींनी काय काय तर्क केले असतील, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. सेलूत काय नि आणखी कुठं काय, त्याच्याशी तसं बोलू शकणारा मी एकटाच होतो.

मग त्याची बायको वारल्यावर एकटं ठेवायचं कसं म्हणून त्याची रायपूरची मुलगी त्याला घेऊन जायचं म्हणायला लागली. तिचं चुकलं नाही. पण तिला ते बिंदू येत नाहीत. रायपूरमध्ये कोणाला येत असतील तर मला ठाऊक नाही. तिथं गेल्यावर तो जेवेल, झोपेल, नातवंडं त्याच्या अंगावर लोळतील आणि त्याच्याशी कोणी एक अख्खं वाक्य बोलणार नाही, हे मला आणि त्याला स्वच्छ दिसत होतं. आम्हाला दिसतं ते एवढंच.

जाणं अचानक ठरलं. जावयाला रजा मिळाली ती दोनच दिवसांची. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचा आवाजातला निरोप माझ्या फोनवर आला. बहिरा माणूस बोलतो तसा, खालीवर होत:

"उद्या चाललो बे. जावई आला घ्याले. सेलूवरून बसनं वर्ध्याले अन् तिथून गाडी. टेसनावर येजो. घंटाभर हाये आपल्यापाशी. फोन नको करू, मले घंटी नाई ऐकू येत आता. लोकेशन लावून ठेवतो."

मी उलट एक शब्द पाठवला. "येतो." त्यानं खोलीत बसून तो ऐकला असणार, कारण लगेच त्याचं हसणं आलं.

आता ते लोकेशन. आमच्यासाठी एका संस्थेनं हॉल घेऊन शिबिर भरवलं होतं. स्मार्टफोन शिकवायचं. बोलणारे फोन आमच्याकडं आधीपासून होते. काचेवर बोट फिरवलं की फोनमधली बाई बोटाखाली काय आहे ते वाचून दाखवते. ही बाई मराठी असं वाचते की जणू तिचं लहानपण बिलासपूरला गेलं आणि सासर लंडनला. पण बाई इमानदार. जिथं कंपनीवाल्यांनी नाव लिहिलं तिथं नाव सांगते, जिथं नाही लिहिलं तिथं म्हणते, "बटण." कशाचं बटण? "बटण." मी एकदा तिच्या भरवशावर "बटण" दाबलं आणि माझ्या साडूला पहाटेच्या घोरण्याचा बारा मिनिटांचा निरोप गेला. साडूनं तो पूर्ण ऐकला, यावरून त्याला किती काम आहे ते कळतं.

शिबिरातल्या पोरानं सांगितलं, "काका, हे लाइव्ह लोकेशन म्हणजे तुमच्यासाठी वरदान आहे. आठ तास चालू ठेवा. तुम्ही कुठंही असा, घरचे तुम्हाला शोधून काढतील."

मी विचारलं, "अन् मले कोणाले शोधायचं असन तं?"

तो म्हणाला, "तुम्ही कशाला शोधाल काका? तुम्हाला शोधायला लोक आहेत ना."

हॉलभर आंधळे हसले. मीच सगळ्यात मोठ्यानं. माझ्या हसण्यानं पंखा डुलला म्हणतात. आता वाटतं, तेव्हा हसायला नको होतं. त्या पोराला धरून बसवायला हवं होतं आणि तो नकाशा बोटाखाली उघडून दाखवायला सांगायचं होतं. कारण नकाशावर बोट ठेवलं की ती इमानदार बाई म्हणते, "नकाशा." बस. कुठला रस्ता, माणूस डावीकडं की उजवीकडं, जवळ येतो आहे की दूर चालला आहे, काही नाही. सारी काच गुळगुळीत आणि त्या काचेवर कुठंतरी माझा दोस्त.

पण आमचा उत्साह दांडगा. आम्ही दोघांनी ते लोकेशन आपलंसं करून घेतलं. त्याचे कान गेले होते, हाक मारून उपयोग नव्हता. मग लोकेशन हीच हाक. ज्यानं पाठवलं त्यानं थांबायचं, ज्याला मिळालं त्यानं कोणाकडून तरी वाचून घ्यायचं आणि चालत जायचं. सेलूच्या बाजारात एकदा जमलं. त्यानं पाठवलं, मी एका भाजीवालीकडून वाचून घेतलं. ती म्हणाली, "बाबाजी, तो समोर बसला नं, वांगे निवडून राह्यला." नकाशाकडं तिनं पाहिलंही नव्हतं, पण आम्ही त्याचं श्रेय फोनला दिलं.

त्या दिवशी सकाळी फोन बोलला. लाइव्ह लोकेशन, आठ तास. म्हणजे तो बसमध्ये बसला. मुलानं मला मोटारसायकलवरून वर्धा स्टेशनवर आणलं. पहिल्या फलाटावर, पुलाच्या जिन्यापाशी खांब आहे, तिथं उभं केलं. "बाबा, हलू नका. काका आले की फोन करा," म्हणाला आणि ड्यूटीवर गेला. माझ्या हातात गोरसपाकाचा, म्हणजे आमच्या वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचा, डबा होता. त्याला फार आवडतो. शाळेत असताना एकदा त्यानं एक अख्खा डबा एकट्यानं संपवला होता आणि मी इतरांना सांगितलं होतं की तीन. आता मला स्वतःलाच तीन आठवतात.

मी विचार केला. त्याचं लोकेशन बसमधून लावलेलं आहे. चालत्या गाडीतून मारलेली हाक ही काही हाक नव्हे. तो उतरेल, स्टेशनात येईल, त्याला कळायला हवं मी कुठं आहे. म्हणून मी खांबापाशी उभं राहून माझं लोकेशन त्याला पाठवलं. पाठवलं म्हणजे हाक मारली. हाक मारली म्हणजे आता मी हलायचं नाही.

कानात इअरफोन घालून मी त्याचा टिपका चाचपायला लागलो. नकाशा. नकाशा. बटण. नकाशा. जिन्यावरून माणसं चढत होती, उतरत होती. एरवी त्याच्या चपलेची घासण मी शंभर पावलांतून निवडली असती. तो डावा पाय जरा ओढतो. पण माझ्या दोन पाळ्या काम करणाऱ्या कानांना त्या वेळी मीच बूच मारलं होतं. आत ती बाई बसली होती.

शेजारी एक मुलगी उभी होती. पाठपिशवीची चेन सारखी उघडत-लावत होती, त्यावरून कॉलेजची.

"ताई, एवढं पाहून सांगता काय? हा माझा दोस्त कुठं आला?"

"दाखवा काका." तिनं फोन घेतला. "अरे, हा तं इथंच आहे."

"इथं म्हंजे?"

"इथं. हे पाहा ना, इथं!" आणि तिनं प्रेमानं माझं बोट धरून काचेवर टेकवलं. डोळस माणसांचं हे एक मला फार आवडतं. त्यांना वाटतं, 'इथं' हा शब्द पुरेसा आहे.

"ताई, मले दिसत नाई."

"हो काका, सॉरी. म्हंजे तुमचा टिपका अन् त्यांचा टिपका एकाच जागी आहे. एकावर एक बसले आहेत अगदी."

"माझ्यावर बसला असता तं मले वजन लागलं असतं. खुर्च्या विणणारा माणूस हाये, पण स्वतः बसला की खुर्ची रडते."

ती हसली. मग खरोखर शोधायला लागली. पुढं जाऊन आली, मागं जाऊन आली. "पांढरी काठीवाले कोणीच नाहीत काका इथं. पण फोन तं म्हणून राह्यला की आहेत. बहुतेक येतच असतील. तुम्ही इथंच थांबा, अजिबात हलू नका."

थांबायला मी तयारच होतो.

मी मोठ्यानं हाकही मारली. पोटातून. पलीकडच्या फलाटावरचा हमाल म्हणाला, "कोणती गाडी आली रे?" पण ज्याला मारली त्याच्यासाठी मी एक मुका माणूस होतो. फोन लावला, वाजून वाजून थकला. जावयाचा नंबर माझ्याकडं नव्हता. आमच्या दोघांच्या दोस्तीत जावई कधी लागला नव्हता.

नकाशाला खाली-वर कळत नाही. हे मला आज माहीत आहे. त्याला जग भाकरीसारखं सपाट दिसतं. माझा मित्र माझ्या डोक्यावर, पुलावर उभा होता. त्यांची गाडी पलीकडच्या फलाटावर यायची होती. जावयानं त्याला जिन्यावरून वर आणलं, काठी घडी करून पिशवीत टाकली, कठड्याला त्याचे दोन्ही हात लावून दिले आणि सामान घेऊन खाली गेला. माझा मित्र म्हणाला होता, मी इथून हलत नाही, माझा दोस्त येऊन राह्यला. त्यानं सकाळीच हाक मारून ठेवली होती ना. त्याच्या लेखी तीच हाक. माझं लोकेशन आलं, फोन थरथरला, तेव्हा त्यानंही कोणाला तरी विचारलं आणि त्यालाही हात थोपटून, खांदा दाबून सांगितलं गेलं, की ते तुमच्याजवळच आहेत, इथंच. मग तो कशाला हलेल? हाडात गेलेलं. तो वर खुंटा, मी खाली खुंटा. मध्ये एक सिमेंटची लादी आणि तिच्यावरून सारं स्टेशन चालत होतं.

कोणी वर पाहिलं नाही. त्या मुलीला दोष नाही. फोननं तिला 'इथं' सांगितलं होतं आणि माणसं 'इथं' म्हटल्यावर आपल्या उंचीवरच पाहतात.

गाडीची सूचना झाली. रुळांतून आवाज यायला लागला. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, गाडी तिकडची आहे तर तो इकडं येईल कसा? मी हाकेचा नियम मोडला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. डबा बगलेत मारून जिना चढायला लागलो. नेमकी समोरून उतरणारी गर्दी. मी ओरडलो, "बाजू व्हा, मागं हत्ती येऊन राह्यला!" काही जण बाजू झालेही. वर पोचलो आणि कठडा चाचपत गेलो. एक चणेवाला बसला होता.

"इथं कोणी म्हातारा होता काय बाबू? ऐकू न येणारा?"

"होते नं. पार घंटाभर उभे होते. कोणाची तरी वाट पाहून राह्यले होते. आत्ताच त्यायचा जावई हात धरून घेऊन गेला. त्या बाजूच्या जिन्यानं."

खाली गाडी थांबलेली होती. मी तिकडच्या कठड्यावरून वाकलो आणि त्याच्या नावानं असा ओरडलो की... जाऊ द्या. मोठ्यानं ओरडलो. इथं वाढवून सांगायला काही नाही. चणेवाला म्हणाला, "बसा बाबाजी, बसा." पुलावर काय काय झालं ते पुढं त्यानंच मला सांगितलं. गाडी हलली. डबे पुलाखालून एकेक करून गेले, त्यातला कोणता त्याचा ते मला कळलं नाही.

दुपारी त्याचा आवाज आला. मागं गाडीचा खडखडाट.

"काऊन बे, आला नाई? मी हाक मारून उभा होतो. लोक हात थोपटून सांगून राह्यले, आले, आले, अन् तू काई येईना. मले वाटलं, मागून येऊन हात पकडशीन. तुयी तब्येत बरी नसन. सांभाळ. औषध घे."

त्याला वाटलं मी घरी आजारी आहे. राग नाही, टोमणा नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आमच्याकडं शिवी म्हणजे अर्धी गळाभेट. मी लगेच निरोप पाठवला, की लेका, मी तुझ्या पायाखाली उभा होतो. फोनची बाई म्हणाली, "पोचला." ऐकला असं म्हणाली नाही. गाडीच्या त्या खडखडाटात त्याला कुठून ऐकू येणार. आणि रायपूरला पोरांच्या घरात दारं-खिडक्या लावून इअरफोन कानात कोंबून देणारं कोण आहे, हेही मला ठाऊक नाही.

सुनेनं डबा काढून घेतला, जेवायला वाढलं. मी जेवलो नाही असं ती सगळ्यांना सांगते. जेवलो, पण कमी. मग मी फोन तिच्या हाती दिला.

"पाह्य व, कुठं पोचला."

ती माझ्याजवळ खाली बसली. सुरुवातीला तीही 'इथं' म्हणाली. मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, ती नीट वाचायला लागली. "बाबा, भंडारा मागं गेलं. आता एक नदी येऊन राह्यली, मोठी. पूल. गाडी नदीवर आहे. आता पलीकडं गेली. उजव्या हाताला तलाव आहे, दोन. डाव्या हाताला नुसतं हिरवं." असं तिनं बराच वेळ वाचलं. गोंदिया आलं, गाडी उभी राहिली, सुटली. जंगल लागलं. मी डोळे मिटून ऐकत होतो, आमच्याकडं डोळे मिटण्याला तसा काही अर्थ नाही, तरी. दिवसभरात पहिल्यांदा तो कुठं आहे ते मला कळत होतं, आणि तो मिनिटामिनिटाला लांब चालला होता.

मग फोन म्हणाला, लाइव्ह लोकेशन संपलं. सकाळी लावलेले आठ तास भरले होते.

"कुठं संपलं?" मी विचारलं.

"डोंगरगडच्या अलीकडं, बाबा. शेतात कुठंतरी."

"गाडी चालू होती का उभी?"

"ते नाही कळत यात," ती म्हणाली.